नमुन्याची मोटार

'नमुना' हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि इथे आल्यावर त्याने बरेच संसार मांडले. तलाठ्याच्या दप्तरात तो गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा होऊन बसला. कापडाच्या दुकानात तो चिंधीएवढा तुकडा झाला. कारखान्यात यंत्राच्या पहिल्या प्रतीला त्याचेच नाव मिळाले. आणि जगापेक्षा वेगळे वागणाऱ्या माणसाकडे बोट दाखवून 'काय नमुना आहे!' असे म्हणण्याची सोय घराघरांत झाली. यांपैकी निदान दोन अर्थ ज्या वस्तूला लागू पडतात, अशी एक वस्तू आमच्या मराठी विभागाच्या कपाटावर, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवलेली आहे. ती एका मोटारीची प्रतिकृती आहे. मूळ मोटारीचा एक फूट तिच्यात एक इंच झाला आहे. मराठी विभागात मोटार कशासाठी, असे येणारा प्रत्येक जण विचारतो. त्याला द्यावयाचे उत्तर दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून हा लेख.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. आमच्यापैकी एकाचे घर नरडाण्याचे. नरडाणा हे धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातले गाव. मुंबई-आग्रा महामार्ग येथून जातो, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे स्थानकही येथे आहे, आणि पुढे औद्योगिक वसाहतही आली. म्हणजे गावावरून जाणारे पुष्कळ, गावात थांबणारे थोडे. जे थांबतात ते बहुधा गाडीचे काही मोडले म्हणून. त्यामुळे महामार्गाच्या कडेला दुरुस्तीच्या टपऱ्यांची एक ओळच उभी राहिली आहे. अशाच एका टपरीच्या मालकाचा मुलगा आमच्याकडे कलाशाखेच्या दुसऱ्या वर्षाला होता. मराठीच्या पेपरात एकदा नापास झालेला, वर्गात मागच्या बाकावर बसून वहीच्या शेवटच्या पानांवर गाड्यांचे सांगाडे काढणारा. एके दिवशी तो छापून आणलेल्या पानांचा एक जाड गठ्ठा घेऊन विभागात आला आणि म्हणाला, "सर, एवढं मराठीत करून द्या."

ते रॉन चॅम्पियन या इंग्रज शिक्षकाचे पुस्तक होते. घरच्या घरी, अडीचशे पौंडांएवढ्या किरकोळ खर्चात, स्पोर्ट्स मोटार कशी बांधावी हे सांगणारे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाने इंग्लंडात हजारो हौशी माणसांच्या हाती करवत आणि वेल्डिंगची कांडी दिली. आमच्या विद्यार्थ्याला तीच गाडी नरडाण्यात बांधायची होती. त्याचा विचारही अगदीच हवेतला नव्हता. मारुती ८०० चे इंजिन आडवे बसते आणि पुढची चाके ओढते, म्हणून ते उपयोगाचे नाही, हे त्याने आम्हाला समजावून सांगितले. त्याला हवी होती मोडीत निघालेली ओम्नी. तिचे इंजिन उभे असते आणि जोर मागच्या चाकांना जातो. पुस्तकातल्या गाडीची रचना तशीच आहे.

आता ही गाडी कोणती, हे पाहायला हवे. तिचा इतिहास हाच या लेखाचा मुख्य भाग आहे.

कॉलिन चॅपमन हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकलेला अभियंता. १९४८ साली त्याने आपल्या वाग्दत्त वधूच्या आईवडिलांच्या घरामागील गॅरेजात एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून आपली पहिली गाडी बांधली. १९५२ साली त्याने लोटस ही कंपनी काढली आणि १९५७ साली 'लोटस सेव्हन' बाजारात आणली. या मोटारीत जे नाही त्याची यादी जे आहे त्याच्याहून मोठी होते. दारे नाहीत, टप नाही, सामानाला जागा नाही, आरामाचा तर प्रश्नच नाही. पोलादी नळ्यांचा एक पिंजरा, त्यावर ताणून बसवलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, पुढे फोर्डचे साधे इंजिन, मागे दोन माणसे आणि बाहेर काढलेली चार चाके. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर ८८ इंच. वजन सुमारे ५०० किलो, म्हणजे आजच्या लहानशा कुटुंबवत्सल मोटारीहूनही कितीतरी हलके. चॅपमनचा सगळा ध्यास वजन कमी करण्याचा होता. ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर पळते, वजन घटवले तर ती वळणावरही पळते, हे त्याचे गणित.

पण या गाडीचे रूप केवळ गणिताने ठरले नाही. ते कराच्या कायद्यानेही ठरवले. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर भारी खरेदीकर होता आणि सुट्या भागांवर तो नव्हता. तेव्हा चॅपमनने मोटार सुटी विकायला काढली. गिऱ्हाइकाने खोकी घरी न्यावीत आणि स्वतः जोडावीत. यात एक अट आडवी आली. सोबत जोडणीची पुस्तिका दिली तर ती वस्तू मोटारच ठरते आणि कर लागतो. यावर चॅपमनने काढलेली तोड लोटसच्या जवळजवळ प्रत्येक इतिहासात सांगितली जाते. जोडणीची नाही, तर मोडणीची पुस्तिका त्याने दिली. तयार गाडी कशी सोडवावी, पहिल्यांदा कोणता बोल्ट काढावा, मग कोणता, असे शेवटपर्यंत. घेणाऱ्याने ती मागून पुढे वाचायची. हा प्रसंग वाचताना आम्ही थोडे खजील झालो. रसग्रहणाच्या तासाला आम्ही वीस वर्षे कविता सोडवून दाखवत आलो आहोत. ती उलट क्रमाने पुन्हा जोडता येते का, हे कोणी विचारले नाही आणि आम्हीही पाहिले नाही.

१९६७ साली 'द प्रिझनर' या दूरचित्रवाणी मालिकेत नायक ही गाडी चालवताना दिसला आणि तिची कीर्ती मोटारवेड्यांच्या बाहेर पसरली. १९७३ साली ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेले, मूल्यवर्धित कर आला, आणि सुट्या गाडीची करसवलत संपली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम या विक्रेत्याला देऊन टाकले. ज्या सवलतीमुळे गाडी सुटी झाली ती सवलत गेली, तरी लोक ती सुटीच मागत राहिले. यामागचे कारण शोधावेसे वाटते. आमच्या मते घरी जोडण्याची अडचण हीच तोवर तिची मुख्य गोडी होऊन बसली होती. हॉलंडात डोंकरवूर्ट, दक्षिण आफ्रिकेत बर्किन अशा कंपन्यांनी याच आकाराच्या गाड्या काढल्या. मग चॅम्पियनचे पुस्तक आले आणि कंपनीचीही गरज उरली नाही. त्याने मोडीतली फोर्ड एस्कॉर्ट घ्यायला सांगितले. इंजिन, आस, चाके तिची आणि पिंजरा मात्र आपण एक इंची चौकोनी नळीतून स्वतः कापून-जोडून घ्यायचा.

नेमाड्यांच्या खानदेशात मराठी शिकलेल्या आमच्या पिढीला 'अनुकरण' हा शब्द शिवीसारखा ऐकू येतो. देशीवादाची चर्चा पचवलेल्या माणसाने इंग्रजी मोटारीच्या नकलेच्या नकलेत रस घ्यावा, हे आमच्या काही सहकाऱ्यांना रुचले नाही. त्यांचा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण या गाडीची नक्कल करायची तर ती जशीच्या तशी करताच येत नाही. पिंजऱ्याचा आराखडा परका असू शकतो, आतले इंजिन मात्र जिथे बांधाल तिथल्या मोडीत सापडेल तेच घ्यावे लागते. आराखडा त्याप्रमाणे वाकवावा लागतो. हे अनुकरण आहे खरे, पण आपल्या कविसंमेलनांतून चालते त्या जातीचे नव्हे.

याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. अलिबागजवळ कार्लेखिंड येथे गुइडो बोथे आणि शमा बोथे यांनी २००३ साली चिंकारा मोटर्स सुरू केली आणि 'चिंकारा रोडस्टर' नावाची गाडी काढली. तिचे रूप लोटस सेव्हनचे, अंग फायबरग्लासचे, आणि इंजिन १.८ लिटरचे इसुझू, म्हणजे आपल्या ॲम्बॅसडरमध्ये बसत असे तेच. ॲम्बॅसडर ही स्वतः ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डची प्रतिकृती. उत्तरपाड्याच्या कारखान्यात तिचा प्रारंभ १९५७ च्या सुमाराचा, म्हणजे ज्या वर्षी लंडनला सेव्हन निघाली त्याच सुमाराचा. एक मोटार सरकारी अधिकाऱ्यांची झाली आणि २०१४ पर्यंत जवळजवळ तशीच निघत राहिली. दुसरी हौशी माणसांची झाली. पन्नासेक वर्षांनी एकीचे जपानी काळीज दुसरीच्या इंग्रजी पिंजऱ्यात बसवण्याचे काम कोकणातल्या एका खिंडीत झाले. त्या आधी, १९९८ च्या सुमारास, गोव्यात वेर्णे येथे सॅन मोटर्सने 'स्टॉर्म' नावाची फायबरग्लासची दोन आसनी गाडी काढली होती, रेनोच्या इंजिनावर चालणारी. ती पुढे बंद पडली.

पण या दोन्ही उदाहरणांत गाडी कंपनीने बांधली. ग्राहकाने घरी खोकी नेली नाहीत. चॅपमनच्या अर्थाने सुटी मोटार, म्हणजे सामान्य माणसाने ओसरीत बांधलेली आणि मग नंबर मिळवून रस्त्यावर आणलेली मोटार, आपल्याकडे प्रथा म्हणून कधी रुजलीच नाही. असे का झाले?

कौशल्य नव्हते असे म्हणता येत नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्याच्या आगेमागे स्वतःची छोटी मोटार बांधायला घेतली. 'मीरा' या नावाने ती ओळखली जाते. तिच्या पहिल्या रूपाला १९४९ साली नोंदणी क्रमांकही मिळाला, एमएचके १९०६. म्हणजे चॅपमन लंडनच्या गॅरेजात आपली पहिली गाडी बांधत होता, त्याच सुमारास इचलकरंजीतही एक माणूस तेच करत होता, आणि त्याच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. कुलकर्णी पुढची वीसेक वर्षे ती सुधारत राहिले. गाडी मात्र नमुन्याच्या पुढे गेली नाही. १९५१ च्या उद्योग कायद्यानंतर मोटार काढायची तर दिल्लीचा परवाना लागे, आणि परवाने मोजक्यांनाच होते. स्वस्त, छोटी, लोकांची मोटार हवी अशी चर्चा दिल्लीत झाली तेव्हा १९७१ साली मारुतीची कंपनी संजय गांधींच्या नावाने उभी राहिली. तीही त्या वेळी गाडी देऊ शकली नाही. मारुती ८०० प्रत्यक्ष रस्त्यावर आली ती १९८३ च्या डिसेंबरात, जपानी भागीदारीत. इचलकरंजीची मीरा तोवर आठवणीत जमा झाली होती.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाची इमारत आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि त्यांनी जमवलेल्या कागदांसाठी हे मंडळ उभे राहिले. मराठ्यांच्या अपयशाची कारणे शोधताना राजवाड्यांनी शस्त्रविद्येतल्या आणि शास्त्रीय जिज्ञासेतल्या कमतरतेवर बोट ठेवले होते, हे आपण वर्गात शिकवतो. पण ज्या माणसाने जिज्ञासा दाखवली त्याचे कागद कोणत्या मंडळात आहेत, हे आपण वर्गात विचारत नाही. वतनाचा एक महजर हरवला तर इतिहासकार हळहळतात. मोटारीचा एक आराखडा रद्दीत गेला तर तो रद्दीतच गेला असे धरले जाते. चॅपमनच्या प्रत्येक गाडीवर इंग्रजीत शेल्फभर पुस्तके आहेत. मीरेची गोष्ट मराठीत वर्तमानपत्री लेखांपलीकडे आमच्या पाहण्यात आली नाही.

परवानाराज १९९१ नंतर ओसरले. त्याच्या जागी आले ते चाचणीचे नियम. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यांतील १२६ व्या नियमाप्रमाणे प्रत्येक वाहनाच्या आद्य नमुन्याची मान्य संस्थेकडून तपासणी करून घ्यावी लागते. पुण्याची एआरएआय ही त्यांपैकी एक. हजारो गाड्या काढणाऱ्या कंपनीला हा खर्च किरकोळ, एकच गाडी बांधणाऱ्याला अशक्य. जुन्या गाडीचे रूप बदलून घ्यावे म्हटले तर तेही नाही. उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेपासून ढळता येणार नाही, असे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. ब्रिटनमध्ये एकेका घरगुती गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देणारी व्यवस्था आहे. आपल्याकडे तशी नाही.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांची हकिकत याच मुद्द्यावर येऊन थांबते. भंगारातल्या भागांतून त्यांनी बांधलेल्या, दुचाकीसारखी लाथ मारून सुरू होणाऱ्या चारचाकीची चित्रफीत २०२१ च्या डिसेंबरात सर्वत्र फिरली. आनंद महिंद्रा यांनी कौतुक केले, आणि ही गाडी नियमांत बसणार नाही हेही त्याच वेळी सांगितले. २०२२ च्या जानेवारीत लोहारांना नवी बोलेरो मिळाली आणि त्यांची गाडी कंपनीकडे गेली. सौदा उदार होता, यात शंका नाही. पण कारागिराच्या हाती तयार गाडी आली आणि त्याने केलेली गाडी दर्शनीय वस्तू झाली, हेही खरे.

हे सगळे आम्ही आमच्या विद्यार्थ्याला सांगितले तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. त्याच्या वडिलांना आनंद झाला. ओम्नीचे पैसे वाचले. आम्हालाही, खरे सांगायचे तर, सुटल्यासारखे वाटले, कारण जाड गठ्ठ्याचे भाषांतर टळले. पण कायद्यावर तोंडसुख घ्यावे असे मात्र आम्हाला वाटले नाही. महामार्गाच्या कडेला राहणाऱ्याने चाचणीची चेष्टा करू नये. पलटी झालेल्या गाड्यांतून माणसे कशी काढतात हे नरडाण्याने पाहिलेले आहे, आणि त्या मुलाने आमच्याहून अधिक जवळून पाहिलेले आहे. आठवड्याने तो पुन्हा आला आणि म्हणाला, "लहान बांधली तर आर.टी.ओ. येणार नाही ना?"

लहान म्हणजे किती, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. खेळण्यातल्या मोटारींचे जे १:४३ हे विचित्र प्रमाण दुकानात दिसते ते खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांमुळे आले, फुटाला सात मिलिमीटर या मापाने. १:२४ म्हणजे फुटाला अर्धा इंच. १:१२ म्हणजे फुटाला एक इंच. सुताराच्या पट्टीवर हे शेवटचे प्रमाण हिशेबाशिवाय वाचता येते, म्हणून आम्ही ते घेतले. मागाहून कळले की आमच्या आधी अमेरिकेतली मुले त्याच प्रमाणावर येऊन बसली होती. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० ते १९६८ या काळात किशोरवयीन मुलांसाठी एक स्पर्धा चालवली. सुरुवातीला नेपोलियनच्या थाटाच्या घोडागाडीची प्रतिकृती करायची असे, पुढे स्वतः कल्पिलेल्या मोटारीची, बाराव्या हिश्शाने. बक्षीस शिष्यवृत्तीचे. १९४७ चा विजेता चक जॉर्डन पुढे त्याच कंपनीच्या रचना विभागाचा प्रमुख झाला. नमुना करणाऱ्या मुलाला पुढे मोटार करू देणारी वाट तिथे होती, एवढेच नोंदवून पुढे जातो.

आपल्याकडेही अशी विद्या अगदीच नाही असे नाही. ज्वारीच्या ताटांची बैलगाडी, तारेची मोटार आणि तिला जुन्या चपलेच्या तळाची चाके, हे खेळ खानदेशातल्या कोणत्याही गावात पन्नाशीच्या माणसाला विचारावेत. त्या मुलाने हीच सामग्री पुढे चालवली. चॅम्पियनच्या पुस्तकातली नळी साधारण पंचवीस मिलिमीटरची. तिचा बारावा हिस्सा दोन मिलिमीटरहून किंचित जास्त. सायकलच्या चाकाची तार दोन मिलिमीटरची असते. हा हिशेब त्याने फळ्यावर मांडला तेव्हा आमच्यापैकी एकाने टाळी वाजवली. पत्र्याचेही तसेच. मूळ ॲल्युमिनियमचा पत्रा एक-सव्वा मिलिमीटरचा, त्याचा बारावा हिस्सा शीतपेयाच्या डब्याच्या भिंतीएवढा. महामार्गावरच्या ढाब्यांच्या उकिरड्यात तो हवा तितका मिळाला. सांध्यांना डाग देण्याचे काम गावातल्या एका म्हाताऱ्या कल्हईवाल्याने शिकवले. कथील, नवसागर, आणि तार आधी घासून लख्ख करणे. 'डाग' हा शब्द कवितेत कलंकासाठी वापरणारे आम्ही. त्याच्या दुकानात तो जोडणारा आहे.

अडले ते नाकापाशी. सेव्हनचे नाक दोन्ही दिशांनी गोलावलेले आहे. सपाट पत्रा एका दिशेने वाकतो, दोन दिशांनी वाकवायला गेले की सुरकुततो. मूळ गाडीतही आरंभी हे नाक हाताने ठोकून काढत, आणि १९६० च्या दुसऱ्या आवृत्तीत फायबरग्लासचे केले. मुलाच्या आजीने पोळ्याला मातीचे बैल करतात तशी माती मळून दिली. मातीचे नाक, त्यावर कागदाचे थर, वाळल्यावर माती खरवडून काढायची. हार्ले अर्ल याने जनरल मोटर्समध्ये मोटारींचे आराखडे मातीत घडवण्याची पद्धत रुळवली, ही गोष्ट मोटारींच्या इतिहासात फार मोठी मानतात. आजीला आम्ही ती सांगितली नाही.

गाडी पुरी झाल्यावर किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली. लांबी बारा पटीने घटली की आकारमान बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे १७२८ पटीने घटते. ५०० किलोला १७२८ ने भागले तर २९० ग्रॅमच्या आसपास उत्तर येते. आमची भरली ४१० ग्रॅम. मुलाने कारण लगेच सांगितले. मूळ नळी पोकळ, आमची तार भरीव. शिवाय लाकडाचे इंजिन आणि कथलाचे गोळे. आणि तरीही हा पिंजरा मूळ पिंजऱ्याहून तुलनेने कितीतरी मजबूत निघाला. याचे कारण गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे. वजन लांबीच्या घनाने घटते, पण ते पेलणारा छेद वर्गानेच घटतो. म्हणून लहान वस्तू स्वतःचे ओझे सहज वाहते. नमुना पास झाला म्हणून मूळ वस्तू पास होईल असे नाही, हे चाचणीवाल्यांचे म्हणणे त्या दिवशी आम्हाला पटले.

आता आमच्या चुकीकडे यायला हवे. गाडी सुटी होऊ शकते, तर तिची पुस्तिका हवी, असा आग्रह आम्हीच धरला. मोडणीची पुस्तिका, चॅपमनसारखी. मुलाने ती दोन रात्रींत लिहिली. बावीस पाने, निम्मी अहिराणीत. ती महाविद्यालयाच्या प्रदर्शनात ठेवायची होती, म्हणून आम्ही लाल शाईने ती 'शुद्ध' केली आणि टंकून घेतली. प्रदर्शन पार पडले. पुढच्या वर्षी नव्या विद्यार्थ्यांकडून गाडी मोडवून पुन्हा जोडवून घ्यावी म्हणून आमची टंकलिखित प्रत त्यांना दिली. मोडली बरोबर, जोडली मात्र गेली नाही. सुकाणू जाम झाले, मागची आस निसटली.

दोन प्रती शेजारी ठेवून पाहिल्यावर कारण सापडले. मुलाने तीन क्रियापदे वापरली होती. काही भागांपुढे 'बठस', काहींपुढे 'फसस', काहींपुढे 'खेळस'. भाग जागेवर बसतो, भाग जोराने आत रुततो, भाग जागेवर राहूनही हलायला मोकळा असतो. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत दोन भागांच्या बसणीचे जे तीन प्रकार शिकवतात तेच हे, आणि त्याने ते कोठे वाचलेले नव्हते. वडिलांच्या टपरीत ऐकलेले होते. आम्ही तिन्ही ठिकाणी 'जोडावा' असे लिहिले होते. एका ठिकाणी तर भाषा फुलावी म्हणून 'दृढपणे संलग्न करावा'. नेमका तो सुकाणूचा दांडा होता.

त्या मुलाला मराठीच्या पेपरात नापास करणारा परीक्षक आमच्यापैकीच कोणी होता का, हे शोधण्याची सोय आता नाही. उत्तरपत्रिका मुदत संपली की नष्ट करतात. पदवी घेऊन तो सुरतेकडे गेला आणि एका कारखान्यात लागला. मोटारींच्या नव्हे. दिवाळीला येतो तेव्हा विभागात डोकावतो, गाडी उचलून चाक फिरवून पाहतो.

त्याची बावीस पाने आम्ही प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गाडीखाली ठेवली आहेत, लाल शाईसकट. गेल्या जूनमध्ये पहिल्या वर्षाच्या दोन मुलींनी ती वाचून सगळी गाडी एका दुपारी उभी केली. डाव्या बाजूचे पुढचे चाक तेवढे राहिले. त्याचे रबर फाटले आहे. ते खडूच्या डबीत ठेवलेले आहे, आणि तेवढ्या जाडीच्या तळाची जुनी चपल कोणाकडे आहे का, याची चौकशी चालू आहे.